टाकीखाली मोहफुलं पडतील काय?

सर्बिया देशाच्या बेलग्रेड शहरात २०२१ साली रस्त्याकडेला काचेची टाकी बसवली. ६०० लिटर पाणी, त्यात बारीक हिरवं शेवाळ. ते कार्बन घेतं, ऑक्सिजन सोडतं. एक टाकी म्हणजे दहा वर्षांची दोन झाडं, असा हिशोब. झाडाला जागाच नाही तिथंच ही टाकी, जंगलाच्या बदली नाही, असं ती बनवणारे शास्त्रज्ञच सांगतात. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. भांडण हिशोबाशी आहे. खाणीला जंगल देताना साहेब लोकही असंच मोजतात: इथली झाडं तोडू, दुसरीकडं रोपं लावू. उद्या रोपांच्या जागी टाक्या लिहितील. मग मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला आम्ही टाकीखाली जायचं काय? असा कागद ग्रामसभेत आला तर सही करण्याआधी साहेबाला हेच विचारा.