चित्रें काढून पोट भरतें काय?

बारावीचा निकाल लागला, म्हणजे घरोघरीं एक सभा भरते. तिचें निमंत्रण निघत नाहीं कीं अध्यक्षाची निवड होत नाहीं. रात्रीचीं पानें उठलीं कीं माजघरांतच तिला आरंभ होतो. आजोबा आरामखुर्चीवर, काका वर्तमानपत्राच्या आडून, आत्या सुपारी कातरतां कातरतां, आणि ज्याच्या भवितव्याविषयीं ही सभा, तो उमेदवार दाराच्या चौकटीस टेकून उभा. वैद्यकी, इंजिनिअरिंग, हिशेबतपासनिसी व अलीकडे संगणकशास्त्र, इतक्या वाटा सभेस पाठ असतात. अशा वेळीं उमेदवारानें "मला ग्राफिक डिझाईन शिकावयाचें आहे," असें म्हटलें, तर सभा क्षणभर निःशब्द होते. मग दोन पक्ष पडतात. वडीलधारा पक्ष विचारतो, "चित्रें काढून पोट भरतें काय?" तरुण पक्ष म्हणतो, "त्यासाठीं चार वर्षें कशाला घालवावयाचीं? तीन महिन्यांचा संगणकाचा क्लास लावला कीं झालें." हे पक्ष परस्परविरुद्ध भासले, तरी दोघांची चूक एकच आहे. हा व्यवसाय म्हणजे काय, हेंच दोघांस ठाऊक नसतें.

दुसऱ्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या घरची गोष्ट सांगावी, हें बरें. दोन वर्षांपूर्वीं ही सभा आमच्याच घरीं भरली होती, आणि पहिल्या पक्षाचे पुढारी आम्हीच होतों. धाकट्या बंधूंची कन्या शास्त्रशाखेंतून चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली होती आणि डिझाईनचा हट्ट धरून बसली होती. आम्ही तें ठरलेलें वाक्य उच्चारलें. त्यावर थोरले बंधु, जे एरव्हीं अशा सभेंत बोलत नाहींत, एवढेंच म्हणाले, "हें वाक्य मी पूर्वीं ऐकलें आहे." मग आम्हांस आठवलें. शाळेंत असतांना इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेंत त्यांस पहिली श्रेणी मिळाली होती, जे. जे. स्कूलमध्यें जाण्याची त्यांची इच्छा होती. आणि वडिलांनीं हेंच वाक्य उच्चारून त्यांस बँकेंत चिकटविलें होतें. चौतीस वर्षें त्यांनीं ती नोकरी केली. तक्रार केली नाहीं. मात्र घरांतील प्रत्येक लग्नपत्रिकेच्या पाकिटावरील पत्ता आजही तेच लिहितात, आणि तें काम दुसऱ्या कोणास करूं देत नाहींत.

तरीही आमचें मत पालटलें नाहीं. तें पालटलें तें एका प्रसंगानें. थोरल्या वहिनींस रक्तदाबाची गोळी सकाळीं व मधुमेहाची रात्रीं घ्यावी लागते. दोन्ही पट्ट्या सारख्याच चंदेरी, दोहोंवर निळीच पट्टी, आणि नांवें मुंगीच्या पायांएवढ्या इंग्रजी अक्षरांत. एके दिवशीं सकाळीं त्यांनीं चुकून मधुमेहाची गोळी घेतली व रात्रीं पुन्हां तीच घेतली. मध्यरात्रीं दरदरून घाम सुटला; डॉक्टरांस बोलवावें लागलें. साखर उतरली होती. वेळेवर उपाय झाला म्हणून बरें.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें दोन डब्या आणल्या व त्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या. चिठ्ठ्या फार सुंदर होत्या. अक्षरांस वेलबुट्टी होती. वहिनींनीं डबी हातभर लांब धरली आणि म्हणाल्या, "छान आहे ग, पण हें काय लिहिलें आहेस?" मुलीनें त्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या. दुसऱ्या वेळीं ठसठशीत काळ्या अक्षरांत 'सकाळ' आणि 'रात्र' लिहून एकीवर सूर्य व दुसरीवर चंद्रकोर काढली. तिसऱ्या दिवशीं तिच्या लक्षांत आलें कीं, रात्रीं वहिनी दिवा न लावतांच फडताळाशीं जातात. तेव्हां तिनें रात्रीच्या डबीभोंवतीं जाड सुतळी गुंडाळली, म्हणजे अंधारांत बोटांसही ती कळावी. त्या दिवसापासून गोळी चुकली नाहीं. ती सुतळी पाहतांना आम्हांस प्रथम उमगलें कीं, ही मुलगी जें शिकूं इच्छिते तें नुसतें चित्रें काढणें नव्हे.

ग्राफिक डिझाईन, अथवा आमच्याकडील रूढ शब्द वापरावयाचा तर उपयोजित कला, ही दुसऱ्याच्या उपयोगाकरितां असते. चित्रकार स्वतःच्या मनांतलें सांगतो. डिझायनरास दुसऱ्याचा मजकूर तिसऱ्याच्या ध्यानीं आणून द्यावयाचा असतो. पुस्तकाचें मुखपृष्ठ, औषधाचें वेष्टन, स्थानकावरील पाटी, फोनच्या पडद्यावरील बटण, ही सर्व ह्याच विद्येचीं क्षेत्रें. रुपयाचें जें चिन्ह आपण रोज पाहतों, तें डी. उदय कुमार ह्यांनीं रेखाटलें व १५ जुलै २०१० रोजीं केंद्र सरकारनें स्वीकारलें. देवनागरी 'र', त्यावर शिरोरेषा, खालीं समांतर दुसरी रेघ, आणि त्यांतूनच रोमन लिपींतील 'आर'चा भास. रेघा मोजक्या, परंतु त्या काढणारा मनुष्य वास्तुशास्त्र शिकून पुढें पवईच्या आय.आय.टी.मध्यें अक्षरांच्या घडणीचा अभ्यास करीत होता, हें विसरूं नये.

आणि ही विद्या आमच्या घरांस परकी आहे असेंही नाहीं. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईंत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलें. जावजी दादाजींनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या सुबक खिळ्यांची कीर्ति देशभर पसरली. आमच्या लहानपणीं दिवाळी अंक घरीं आला कीं आधीं मुखपृष्ठ कोण पाहणार म्हणून भांडण होई. तें मुखपृष्ठ बहुधा दीनानाथ दलालांचें असे. गोमंतकांतून आलेले व जे. जे. स्कूलमध्यें शिकलेले दलाल १९४५ पासून स्वतःचें 'दीपावली' वार्षिक काढीत. संगणकावर ज्यांनीं मराठी वाचलें आहे, त्यांच्या डोळ्यांखालून 'मंगल' हा टाईप गेलाच असेल. तो रघुनाथ कृष्ण जोशी ह्यांनीं घडविला. जोशी हेही जे. जे.चेच विद्यार्थी, जाहिरातक्षेत्रांत काम करून पुढें ते पवईस शिकवीत असत. २००८ सालीं ते निवर्तले. त्यांचीं अक्षरें अद्यापि असंख्य पडद्यांवर आहेत.

शिक्षणाच्या संस्थाही कालच्या नव्हेत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची. तिच्या व्यापारी कलेच्या शाखेंतून १९६१ सालीं उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. त्याच वर्षीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली. तिच्यामागें चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याचा १९५८ चा अहवाल होता. पवईचें केंद्र १९६९ चें. पदवीचा अभ्यास सामान्यतः चार वर्षांचा असतो. राज्यांतील कलामहाविद्यालयांसाठीं एक प्रवेशपरीक्षा आहे; राष्ट्रीय संस्थेची व आय.आय.टी.ची परीक्षा निराळी. आय.आय.टी.च्या परीक्षेस शास्त्र, वाणिज्य, कला, कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसूं शकतो.

ह्या चार वर्षांत काय शिकवितात? पुतणीच्या पहिल्या वर्षाच्या वह्या आम्ही चाळल्या. त्यांत प्रथम रेघा, नंतर छायाप्रकाश, रंगांचें मिश्रण, आणि मग पानेंच्या पानें अक्षरें, तींही हातानें, तिरप्या कापलेल्या बोरूनें. रोमन अक्षरें पायाखालच्या रेघेवर उभीं असतात. आमचीं अक्षरें शिरोरेषेस टांगलेलीं. वर मात्रा, वेलांटी, रफार. खालीं उकार व जोडाक्षरांचे पाय. म्हणून मराठी मजकुराच्या दोन ओळींत अधिक मोकळी जागा सोडावी लागते. हें न शिकलेला मनुष्य इंग्रजीसाठीं आखलेल्या चौकटींत मराठी मजकूर कोंबतो, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. अशा पाट्या आपण रोज पाहतों व दोष मात्र आपल्या चष्म्यास देतों. संगणकाचीं साधनें ह्या अभ्यासाबरोबर शिकवितातच. परंतु तीं साधनें होत. मुदपाकखान्यांतील भांड्यांचीं नांवें पाठ केल्यानें स्वयंपाक येत नाहीं.

ह्याहून कठीण शिक्षण टीकेचें. विद्यार्थ्यानें आपलें काम भिंतीवर लावावयाचें, आणि शिक्षक व सोबत्यांनीं त्याचे दोष काढावयाचे. "मला आवडलें म्हणून केलें," हें उत्तर तेथें चालत नाहीं. अमुक रंग कां, हें अक्षर एवढें मोठें कां, ह्याचें कारण द्यावें लागतें. पुतणी पहिल्या सहामाहींत दोनदां रडत घरीं आली होती. आम्ही तिची समजूत घातली, परंतु मनांत म्हटलें, येथें कांहीं खरें शिकवीत आहेत.

आतां पोटाचा प्रश्न. तो टाळणें हें वडीलधाऱ्यांच्या शंकेचा अनादर करणें होय. सरकारी व खाजगी संस्थांच्या फीमध्यें फार मोठें अंतर आहे. कर्ज काढण्यापूर्वीं हिशेब करावा. आरंभीचीं वर्षें वेतन बेताचेंच असतें; स्वतंत्र काम करणाऱ्याचे पैसे रखडतात. त्यांत आतां कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. यंत्रास चार वाक्यें सांगितलीं कीं तें घटकेंत दहा चित्रें पुढें टाकतें. भेटपत्रें, फलक व शुभेच्छांचीं चित्रें करून जगणाऱ्यांवर हें संकट खरेंच आहे, आणि तीन महिन्यांच्या क्लासवर विसंबलेल्यांस त्याची झळ सर्वांत आधीं लागेल. परंतु त्या दहांपैकीं कोणतें घ्यावें, कां घ्यावें, आणि वहिनी अंधारांत फडताळाशीं जातात हें यंत्रास कोणी सांगावें? ज्याची पारख तयार झाली आहे, त्याचें काम राहील असें आम्हांस वाटतें. ग्वाही मात्र आम्ही देत नाहीं. ती आज इंजिनिअरिंगचीही कोणी देऊं शकत नाहीं.

म्हणून आमची सूचना इतकीच. गणित नको म्हणून कोणी ह्या वाटेस जात असेल, तर त्यास अडवावें. ज्यास खरी ओढ आहे, त्याची परीक्षा घरींच घ्यावी. घरांत न वाचतां येणारी एखादी वस्तु असतेच: सोसायटीची सूचना, विजेच्या बटणांची पाटी, आजोबांच्या औषधांची यादी. ती उमेदवाराच्या हातीं द्यावी व आठ दिवसांची मुदत द्यावी. पहिलें काम किती सुंदर झालें, हें पाहूं नये. आजोबांस तें वाचतां आलें नाहीं असें कळल्यावर तो आजोबांवर रुसतो, कीं तें फाडून दुसरें करावयास बसतो, तेवढें पाहावें. दुसरें करावयास बसला, तर सभा बरखास्त करावी आणि प्रवेशाच्या अर्जावर सही करावी. आमच्या घरीं ती सही थोरल्या बंधूंनीं केली.