हनुवटी तीन आठवड्यांच्या रजेत बसत नाही

डिसेंबरची तिकिटं काढली की आपली भारतवारीची यादी सुरू होते. बँकेचं केवायसी, नवे चष्मे, शिवायला टाकायचे ब्लाउज, राहिलेलं रूट कॅनाल, सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या, दोन लग्नं आणि एक मुंज. इकडे जे महाग पडतं किंवा ज्यासाठी महिनोन्महिने थांबावं लागतं, ते तिकडे आठवड्याभरात होतं, हा आपला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. अलीकडे मात्र माझ्या ओळखीच्या घरांमध्ये या यादीत एक नवी ओळ दिसायला लागली आहे. चेहऱ्याचं ऑपरेशन. आधी नाक होतं, आता हनुवटीही.

लांब हनुवटी कमी करून चेहरा प्रमाणात आणण्याची शस्त्रक्रिया खरी आहे, जुनी आहे आणि चांगल्या सर्जनच्या हातात सहसा नीट पार पडते. माझी तक्रार त्या शस्त्रक्रियेबद्दल नाही. ती ब्लाउज आणि केवायसीच्या यादीत टाकली जाते, याबद्दल आहे.

मी ब्रिटनमध्ये दातांच्या दवाखान्यात काम करते. डॉक्टर नाही, पण जबड्यांचे एक्स-रे आणि ते बघून घाबरलेली माणसं रोज पाहते. त्यामुळे मंडळातल्या मुली हा विषय माझ्याकडे हळूच काढतात. अशीच एक सव्वीस वर्षांची मुलगी मला म्हणाली, "काकू, पुण्यात डेट घेतलीये. चोवीस तारखेला ऑपरेशन, बारा जानेवारीला परत. ऑफिसात कुणाला कळणारसुद्धा नाही." तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले होते आणि त्यावरच सगळं ठरलं होतं. घरात दोन मतं होती. बाबा म्हणत होते, नसती थेरं आहेत. आई म्हणत होती, स्थळं बघायला लागायच्या आधी उरकून टाकू. मला दोन्ही पटलं नाही.

आधी थेरांबद्दल. चेहरा नीट करून घेण्याची इच्छा हा पाश्चात्त्यांकडून आलेला रोग आहे, असं आपल्या घरांत अजून बोललं जातं. त्यांना पुण्याचीच गोष्ट सांगायला हवी. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या एका गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून नवं नाक करून दिलं गेलं. करणारा कुणी इंग्रज सर्जन नव्हता, आपल्याकडचाच पिढीजात कारागीर होता. ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि ती पद्धत वापरून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये नाकाची शस्त्रक्रिया केली. कापलेलं नाक आणि लांब हनुवटी यांची बरोबरी होत नाही, हे मान्य. पण शाळेत ज्या मुलीला दहा वर्षं 'घोडा' म्हणून हाक मारली गेली, तिला 'दिसणं-बिसणं काय, स्वभाव महत्त्वाचा' हे सांगून काहीच मिळत नाही. तिला आरसा बदलायचा असेल तर तो तिचा हक्क आहे.

आता उरकून टाकण्याबद्दल. इथे मला जास्त काळजी वाटते, कारण हनुवटी लांब दिसते याचा अर्थ हनुवटीच लांब आहे असा होत नाही. चेहऱ्याचे उभे तीन भाग धरतात: केसांपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या टोकाखालपर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत. हे ढोबळमानाने सारखे असले की चेहरा प्रमाणात वाटतो. खालचा भाग मोठा दिसायची कारणं वेगवेगळी असतात. कधी खरंच हनुवटीचं हाड उंच असतं. कधी अख्खा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि खालचे दात वरच्यांच्या पुढे बसतात. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस आणि त्याच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या चित्रांमध्ये असा जबडा पिढ्यान्पिढ्या दिसतो. कधी वरचा जबडाच उभा जास्त वाढलेला असतो. मग हसताना हिरड्या दिसतात, सहज बसलं असताना ओठ मिटत नाहीत, ते मिटायला हनुवटीला जोर लावावा लागतो आणि तिथे सुरकुत्या पडतात.

या तिन्हींचे उपचार तीन आहेत. पहिल्यात फक्त हनुवटी कमी करून भागतं. बाकी दोन्हींत बहुतेक वेळा आधी दातांना तारा आणि मग जबड्याची शस्त्रक्रिया लागते, आणि सगळं मिळून दोन-तीन वर्षं जातात. बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे आणि दातांची ठेवण पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही, फोटोवरून तर नाहीच. त्या मुलीने माझ्या आग्रहाने इथल्या तज्ज्ञांकडे दाखवलं, तेव्हा तिचा वरचा जबडा वाढलेला निघाला. हनुवटी कापून ओठ मिटायचा प्रश्न तसाच राहिला असता. चोवीस डिसेंबरची तारीख तिने रद्द केली.

आणखी एक गोष्ट, जी घरातल्या मोठ्यांनीही लक्षात ठेवावी. वाढीचं वय संपल्यावर हनुवटी किंवा जबडा मोठा व्हायला लागला, अंगठी बसेनाशी झाली, चपलेचा नंबर वाढला, दातांमध्ये फटी पडल्या, तर कॉस्मेटिक सर्जनकडे जाऊ नका. आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होऊन वाढीचं संप्रेरक जास्त झालं तर असं होतं. त्याला अ‍ॅक्रोमेगली म्हणतात आणि त्याचा संशय रक्ताच्या साध्या तपासणीने पडताळता येतो.

समजा सगळं तपासलं आणि फक्त हनुवटीच लांब आहे असं ठरलं. मग ऑपरेशनमध्ये काय करतात? पूर्ण भूल देऊन, खालच्या ओठाच्या आतून छेद घेतात, म्हणून बाहेर व्रण दिसत नाही. दातांच्या मुळांच्या खाली हाड आडवं कापतात, मधली एक पट्टी काढतात आणि खालचा तुकडा वर सरकवून टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवतात. आतून छेद घेऊन हनुवटीचं हाड सरकवण्याची पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडली. नुसतं हाड घासून कमी करणं ऐकायला सोपं वाटतं, पण वरचं मांस तेवढंच राहतं आणि ते लोंबण्याची भीती असते. हाड कापलं तरी कातडी तेवढ्याच प्रमाणात आखडत नाही, म्हणून तिथला स्नायू परत नीट बांधावा लागतो.

खरी नाजूक गोष्ट आहे नस. खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो तो जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या एका नसेमुळे. सुळ्यामागच्या छोट्या दाढांच्या खाली ती बाहेर येते आणि करवत तिच्या काही मिलिमीटर खालून चालते. ऑपरेशननंतर ओठ-हनुवटी काही आठवडे किंवा महिने बधिर राहणं नेहमीचं आहे. बहुतेकांचं हळूहळू परत येतं, काहींचं पूर्ण येत नाही. म्हणजे गरम चहाचा चटका कळत नाही, ओठावर शीत चिकटलेलं कळत नाही, पाणी ओघळलं तरी दुसऱ्याने सांगावं लागतं. ही किंमत आयुष्यभराची असू शकते, आणि ती माहीत असूनही हो म्हणणं वेगळं.

आता रजेचा हिशेब करा. हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. मोठी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, उरलेली काही महिने रेंगाळते, त्यामुळे अंतिम आकार सहा महिन्यांआधी नीट दिसत नाही. लग्नाच्या पंगतीत तुम्ही मऊ भात आणि सूपवर असणार. चेहऱ्याच्या कॉस्मेटिक शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानप्रवास टाळा, असं एनएचएस सांगते. आणि महिन्याभराने इकडे एखादा स्क्रू त्रास द्यायला लागला तर? एनएचएस तातडीची गुंतागुंत बघेल, पण आकार मनासारखा आला नाही म्हणून सहसा परत करून देणार नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्याही दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे सहसा देत नाहीत. उलट चावायला किंवा बोलायला खरा त्रास असेल, तर जबड्याची शस्त्रक्रिया एनएचएसमध्ये किंवा काही विमा योजनांत बसू शकते. म्हणजे घाईत तिकडे करून घेणारा कधी कधी इथे हक्काने मिळणारा उपचारच सोडून देतो.

भारतातले सर्जन कमी आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. तिकडे जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस केलेले आणि प्लास्टिक सर्जरीत एमसीएच केलेले उत्तम लोक आहेत. इथे तर 'कॉस्मेटिक सर्जन' ही पाटी कुठलाही डॉक्टर लावू शकतो, म्हणून जीएमसीच्या स्पेशालिस्ट रजिस्टरमध्ये नाव बघावं लागतं. देश कुठलाही असो, प्रश्न तेच विचारा. माझी हनुवटी लांब आहे की जबडा? किती मिलिमीटर कमी करणार आणि का? स्वतः तुम्हीच करणार का? मी परत गेल्यावर कोण बघणार? इंग्लंडमधल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियमांनुसार भेट आणि ऑपरेशन यांत विचार करायला किमान दोन आठवडे द्यायला हवेत. भारतात करणार असाल तर एका वारीत दाखवा आणि पुढच्या वारीत, लांब रजा घेऊन, करा.

आणि फोनमधल्या फोटोवर आयुष्याचे निर्णय घेऊ नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की एका फुटावरून घेतलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास तीस टक्के रुंद दिसतं. खालून फोन धरला की हनुवटीचंही तेच होतं. दिवसातले तास न् तास आरशासमोर एकाच अवयवाचा ध्यास लागला असेल, तर सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या आजारात ऑपरेशनने समाधान होत नाही.

तिकडच्या आत्या-मावश्यांना एकच विनंती. मुलीने मागितलं नसताना तिच्यासाठी डेट घेऊन ठेवू नका. स्थळासाठी हाड कापायचं नसतं. आणि तिने स्वतः, सगळं समजून, वर्षभर विचार करून ठरवलं असेल, तर 'थेरं' हा शब्द गिळा आणि तिच्यासाठी मऊ खिमट करायला घ्या.