फेस खरा, चित्र किती खरे?



आळंदीजवळ इंद्रायणीच्या पात्रावर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाची छायाचित्रे गेल्या काही वर्षांत तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिली असतील. पिंपरी-चिंचवड, चाकण भागात राहणारा तुमच्यापैकी एखादा शाळेच्या प्रकल्पासाठी ती स्वतःही घेईल. पण सकाळी हे काम अवघड असते. फेसावर ऊन चमकते आणि घाटाच्या पायऱ्या सावलीत असतात. फेस नीट यावा म्हणून प्रकाश कमी घेतला, तर पायऱ्या काळ्याठिक्कर होतात. पायऱ्यांसाठी जास्त घेतला, तर फेसाचा नुसता पांढरा डाग उरतो.

यावरची युक्ती जुनी आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० नंतरच्या दशकात समुद्र आणि आकाश यांची वेगवेगळी छायाचित्रे जोडून एक चित्र छापले. १९९७ साली पॉल डेबेवेक आणि मूळचे भारतीय जितेंद्र मलिक यांनी अनेक छायाचित्रांवरून दृश्यातील तेजाचे प्रमाण काढण्याची गणिती रीत मांडली. समजा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून १/६०, १/२५० आणि १/१००० सेकंद अशी तीन छायाचित्रे घेतली. दर वेळी प्रकाश सुमारे चौपटीने कमी होतो. पहिल्यातून सावलीतील तपशील घ्यायचा, तिसऱ्यातून फेसाचा. हीच 'हाय डायनॅमिक रेंज' पद्धत. आजचे पुष्कळ मोबाइल ती आपोआप वापरतात.

ही पद्धत अवश्य वापरा. मात्र असे चित्र एकटेच पुरावा म्हणून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर तीन छायाचित्रांच्या दरम्यान फेस वाहत पुढे सरकतो, त्यामुळे जोडलेल्या चित्रात त्याच्या कडा दुहेरी होऊ शकतात. दुसरे असे, की तेजाचा मोठा पल्ला पडद्यावर मावावा म्हणून संगणक तो दाबतो आणि जागोजागी उठाव वाढवतो. मग करडे पाणी काळे आणि पातळ फेस दाट दिसू शकतो. पाणी मात्र होते तसेच असते!

म्हणून तिन्ही मूळ छायाचित्रे जपा. तारीख, वेळ, जागा लिहा. जोडलेल्या चित्राखाली 'तीन छायाचित्रांवरून' असे नमूद करा. दर आठवड्याची तुलना करायची असेल, तर वेळ, जागा आणि कॅमेऱ्याची मापे तीच ठेवा. नाहीतर ती तुलना फेसाची न होता मोबाइलच्या हिशेबाची होईल.

नदीची तक्रार खरी असताना तिला रंग चढवू नका. एक चढवलेले चित्र उघडकीस आले, की दहा खऱ्या चित्रांवरही लोक संशय घेतात, आणि त्यात नुकसान नदीचेच होते.