विश्लेषण : जुने सिमेंटचे पत्रे काढताना सावधगिरी का हवी?

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी छपरांची डागडुजी सुरू होते. गळके सिमेंटचे पत्रे उतरवून त्या जागी रंगीत लोखंडी पत्रे बसवले जातात. जुने पत्रे हातोडीने फोडून खाली टाकले जातात आणि त्यांचे तुकडे कुंपणाला, कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा खड्डे बुजवायला वापरले जातात. यात काही चुकते आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. मात्र आपल्याकडच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत सर्रास ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचा धोका सर्वाधिक असतो तो या तोडफोडीच्या वेळीच.

ॲस्बेस्टॉस म्हणजे काय?

हे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, गंजत नाही आणि स्वस्त पडते. सिमेंटमध्ये साधारण १० टक्क्यांपर्यंत हे तंतू मिसळून पत्रे तयार होतात. जुन्या इमारतींचे सांडपाण्याचे सिमेंटचे पाइप आणि पाण्याच्या टाक्या यांतही ते असू शकते. नुसते पाहून खात्री करता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. शंका असेल, तर ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच काम करावे.

धोका केव्हा निर्माण होतो?

पत्रा अखंड असतो तेव्हा तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. तो फोडला, कटरने कापला, ड्रिलने भोक पाडले किंवा तारेच्या ब्रशने घासला, की ते धुळीबरोबर हवेत मिसळतात. हे सूक्ष्म तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वासही नसतो. श्वासावाटे आत गेलेले तंतू फुफ्फुसात वर्षानुवर्षे रुतून राहतात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. आजार दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. त्यामुळे त्याचा संबंध कधीकाळी केलेल्या छपराच्या कामाशी जोडला जात नाही.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनने १९९९ मध्ये, तर ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आज ६० हून अधिक देशांत बंदी आहे. भारतात मात्र पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आणि त्यापासून पत्रे बनवणे, विकणे कायदेशीर आहे. या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. पण रोजंदारीवर छपरावर चढणाऱ्या बिगाऱ्याची अशी नोंद कोण ठेवणार?

घरमालकाने काय करावे?

पत्रे सुस्थितीत असतील, तर त्यांना हात न लावणेच उत्तम. काढायचेच असतील, तर आधी पाणी मारून भिजवावेत आणि बोल्ट सोडवून अखंड उतरवावेत. वरून फेकू नयेत. जुना पत्रा पायाखाली अचानक तुटतो, म्हणून त्यावर उभे न राहता शिडी-परातीवरून काम करावे. काम करणाऱ्यांना पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. मुलांना दूर ठेवावे. धूळ कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. पत्रे आणि तुकडे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत, त्यांचा पुन्हा वापर करू नये आणि विल्हेवाटीबाबत पालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे विचारणा करावी.

पुढे काय?

ॲस्बेस्टॉसचा कचरा धोकादायक मानला जातो. पण घरातून निघालेले चार पत्रे द्यायचे कुठे, याचे उत्तर सामान्य माणसाला सहजी मिळत नाही. नालेसफाईप्रमाणेच दर पावसाळ्यापूर्वी हे पत्रे गोळा करण्याची सोय स्थानिक संस्थांनी करायला हवी. तोवर निदान हातोडी तरी बाजूला ठेवावी. छपराचा खर्च घरमालक करतो, पण पत्रा फोडण्याची किंमत मजुराच्या फुफ्फुसांनी चुकवू नये.