एक जूनला जन्मलेले प्रवासी

सोमाटणे फाट्याच्या टोलनाक्यावर माणूस भांडू शकतो, आणि भांडतोही. एकाच महामार्गावरच्या दोन नाक्यांत सर्वसाधारणपणे साठ किलोमीटरचे अंतर हवे, असे २००८ चे राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम सांगतात. लोणावळ्याजवळचा वरसोलीचा नाका इथून जेमतेम निम्म्या अंतरावर आहे, हे मावळातल्या रिक्षावाल्यालाही तोंडपाठ असते. नियमाला अपवादाची शेपूट आहे, पण ती कोणी वाचून दाखवत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये याच मुद्द्यावर इथे उपोषण झाले, आंदोलन पेटले. त्या खिडकीपुढे काय काय करता येते ते पाहा. 'मी इथलाच आहे' म्हणून आधार कार्ड पुढे करता येते, सरपंचांना फोन लावता येतो, गाडी आडवी घालता येते, आमदारांचे नाव घेता येते. नियम बाजूने नसला तरी माणसे बाजूने असतात. हाच माणूस फ्रँकफुर्टच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपुढे उभा राहिला की एकाएकी मुका होतो. भाषेचे कारण फारसे पटत नाही. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतून परदेशी कामासाठी जाणाऱ्या पोरांचे इंग्रजी कामापुरते चांगले असते. त्याची भांडायची सगळी हत्यारे सोमाटण्यातच राहिलेली असतात, हे खरे कारण. फ्रँकफुर्टला त्याच्या वतीने बोलायला फक्त कागद असतो, आणि आपला कागद एका तोंडाने बोलत नाही.

परदेशात फुकट गेलेल्या दिवसाचे खापर आपण तिथल्या कारकुनावर फोडतो. परत आल्यावर सांगायला ते बरेही वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या दिवसाची तयारी बहुतेक वेळा पंचवीस-तीस वर्षे आधी आपल्याच ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात झालेली असते. बॅग हरवणे, विमान चुकणे, पाकीट मारले जाणे हे जगात कोणालाही होते, आणि सहसा अर्ध्या दिवसात निस्तरते. ते निस्तरायला जो कागद लागतो तोच जेव्हा दुसऱ्या कागदाशी जुळत नाही, तेव्हा अर्ध्या दिवसाचा आठवडा होतो.

आपल्या कागदांचा इतिहास थोडा तपासू. ग्रामीण महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या पुढच्या माणसांची जन्मतारीख विचारली, तर 'एक जून' हे उत्तर इतक्या वेळा येते की त्यावर विनोदही जुने झाले. शाळा जूनमध्ये सुरू होत. बापाला तारीख आठवत नसे. 'दुष्काळाच्या आदल्या साली' एवढेच सांगता येई. मग गुरुजी मुलाचे वय पहिलीच्या नियमात बसेल अशा हिशेबाने १ जून टाकत. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, उलट मूल शाळेत यावे हीच धडपड होती. पण ती तारीख मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तिथून नोकरीच्या कागदावर, तिथून पासपोर्टवर गेली. ग्रामपंचायतीत मात्र कुठेतरी खरी तारीख पडून राहिली. नवरा, बायको आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ असे तिघेही एक जूनचे पाहून व्हिसाच्या छाननीत कोणी थबकला, तर त्याला वंशद्वेष्टा ठरवण्याआधी आपण गुरुजींना आठवावे.

नावाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली तीन घरांची पद्धत. पासपोर्टात घरे दोनच, आडनाव आणि दिलेले नाव. मधले नाव कधी पहिल्या नावाला चिकटते, कधी गळते. बाईच्या बाबतीत तर लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि कित्येक घरांत पहिलेही बदलत आले आहे. म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई यांच्या नावांत एकही शब्द समान नाही, असे घडू शकते. जगात फार कमी ठिकाणी माणसाचे नाव एका दिवसात मुळापासून असे पालटते. त्यात रोमन लिपीतले लेखन ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ज्ञानेश्वरचा 'ज्ञ' शाळेत डी-एन-वाय, बँकेत जी-एन, आणि आधार केंद्रावर यंत्राने सुचवला तसा. सोमाटणे या गावाच्या नावातही मधला 'ए' कुठे असतो, कुठे नसतो.

हे सगळे घरी चालून जाते. चालून जाण्यासाठी आपण एक भक्कम यंत्रणाच उभी केली आहे, तिचे नाव प्रतिज्ञापत्र. 'वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असे मुद्रांकावर टंकून घ्यायचे, नोटरीचा शिक्का मारायचा, की वडगावच्या तहसील कचेरीपासून बँकेपर्यंत सगळे समाधान पावतात. फारच अडले तर राजपत्रात नाव छापून घ्यायचे. मूळ नोंद कोणी दुरुस्त करत नाही, कारण ते अवघड आहे. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरातल्या नोंदीत सहसा फेरफार करू देत नाहीत, आणि जन्मनोंदवहीतली दुरुस्ती म्हणजे चपला झिजवणे. त्यामुळे चूक कायम ठेवून तिच्यावर खुलाशाचा थर चढवायचा, ही आपली रीत झाली. अंगावरच्या सदऱ्याला ठिगळावर ठिगळ लावत जावे तसे हे आहे. गावात कोणी हसत नाही, कारण सगळ्यांचेच सदरे तसे.

सीमेवर मात्र वाचणारा डोळा वेगळा असतो. पासपोर्टच्या माहितीपानाच्या तळाशी चव्वेचाळीस-चव्वेचाळीस खुणांच्या दोन ओळी असतात, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नमुन्याप्रमाणे. पहिल्या ओळीतली पाच घरे दस्तऐवजाच्या प्रकाराला आणि देशाच्या खुणेला जातात, नावाला उरतात एकोणचाळीस. त्यात फक्त रोमन अक्षरे आणि रिकामी जागा भरणारी खूण, बाकी काही नाही. त्या यंत्राला प्रतिज्ञापत्र दाखवता येत नाही. शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्के मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली, तेव्हापासून माणसाच्या नजरेला उरलेली सवलतही आटत चालली आहे. आडनावाचे घर रिकामे असेल तर काय होते, हे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पुष्कळांना कळले. पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाही, असे संयुक्त अरब अमिरातीने ठरवले. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येते, म्हणजे पहिले नाव अज्ञात. आईबापांनी हौसेने बारसे केलेला माणूस तिथे अज्ञात.

पुष्कळदा हा परदेशी कारकून भेटतो तोही परदेशात नव्हे, मुंबईत सहारला, विमान कंपनीच्या काउंटरवर. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाप्रमाणे, योग्य कागदांविना प्रवासी आणणाऱ्या कंपनीला माणशी किमान तीन हजार युरोचा दंड बसू शकतो. त्यामुळे काउंटरवरचे पोरगे, मग ते विरारचे असो की वडगावचे, नावातला एक शब्द कमी दिसला की वरिष्ठाला बोलावते. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. तो दंड त्याच्या डोक्यावर टांगलेला असतो. आणि पासपोर्टच हरवला, तर पोलिसांत तक्रार, मग आपला दूतावास, मग नवा पासपोर्ट किंवा आपत्कालीन प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र फक्त मायदेशी एकदा परतण्यापुरते चालते, पुढच्या देशाचा बेत तिथेच बुडतो. त्या वेळी ओळखीचा आधार म्हणून पुढे केलेल्या आधार कार्डाच्या आणि वाहन परवान्याच्या प्रतींवर तीन तऱ्हेची नावे असली, तर दूतावासातल्या मराठी माणसालाही हात आखडता घ्यावा लागतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो रास्त आहे. कागद चोख असूनही भारतीयांना ताटकळत ठेवतात, त्याचे काय? शेंगेन व्हिसासाठी २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि दीड लाखाहून अधिक नाकारले गेले. शुल्क त्याच वर्षीच्या जूनपासून ८० युरोवरून ९० झाले, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. हे अन्यायाचे आहे यात वाद नाही, आणि त्याला आपली जन्मनोंदवही जबाबदार नाही. पासपोर्टची ताकद देशांच्या सौद्यांतून ठरते. पण अशा जगात जायचेच आहे, तर ज्या चुका आपल्या हातच्या आहेत त्या समोरच्याला आयत्या का द्याव्यात? आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा पासपोर्टाची ही यातायात नव्हती. त्यांचे अडथळे सगळे इकडच्या किनाऱ्यावरचे होते, म्हणूनच निघण्याआधी सेरामपूरला जाहीर भाषण करून आपण का जातो ते त्यांना सांगावे लागले. पहिल्या महायुद्धाने तो मोकळा काळ संपवला. भारतात पासपोर्ट सक्तीचा कायदा आला तो १९२० साली. लढाईपुरती म्हणून आलेली ही व्यवस्था शंभर वर्षांत हटली नाही, उद्या हटेल अशी चिन्हे नाहीत.

दुसरे कोणी म्हणेल, चूक प्रवाशाचीच, कागद जुळतात का हे त्याने आधी पाहावे. पर्यटन कंपन्यांच्या सूचनापत्रकांत हेच लिहिलेले असते. पण ज्या नोंदींनी त्याला अडवले त्यांतली एकही त्याने स्वतःच्या हाताने केलेली नाही. जन्म ग्रामसेवकाने लिहिला, तारीख गुरुजींनी, आधारवरचे नाव रोजंदारीवरच्या ऑपरेटरने. रांग मागे वाढत असताना पडद्यावरचे रोमन अक्षर तपासायला सांगणे हा उपचार असतो, आणि पुष्कळ आयाबायांना ते अक्षर वाचताही येत नाही. सावधगिरीचा उपदेश शिकलेल्यांना लागू पडतो, आणि त्यांना त्याची गरज सर्वात कमी असते.

परदेश प्रवास हे मूठभरांचे चोचले, त्यासाठी ग्रामपंचायतीला का राबवायचे, असेही विचारले जाईल. मेनका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच परदेशी जाण्याला घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानले, हे एक उत्तर. मला पटणारे उत्तर त्याहून साधे आहे. नावांची हीच विसंगती विम्याच्या दाव्यात, वारसनोंदीत आणि निवृत्तिवेतनात माणसाला छळते. परदेशात ती फक्त उघडी पडते. खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे. नोंदी कडक करा म्हटले की पहिला फटका ज्यांच्या जन्माची नोंदच नाही त्यांना बसतो, पवन मावळातल्या कातकरी वस्तीला, पालांवर राहणाऱ्यांना. त्यांच्यासाठी प्रतिज्ञापत्र ही पळवाट नसून एकमेव वाट आहे. म्हणून मी दारावरचा पहारा कडक करा असे म्हणत नाही. दुरुस्ती सोपी, स्वस्त आणि मुळाशी करा, एवढेच म्हणतो. या दोन गोष्टी आपल्याकडे नेहमी एकत्र गुंडाळल्या जातात आणि दुसरी करायची राहूनच जाते.

आता घाई करण्याचे कारणही आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल, असा बदल २०२५ च्या फेब्रुवारीत झाला. शाळेच्या दाखल्यावर वेळ मारून नेण्याचा रस्ता या पिढीला बंद. म्हणजे जन्मनोंदवहीतली आजची चूक ही आणखी वीस वर्षांनी थेट पासपोर्टातली चूक असेल. दरम्यान राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही घातले: मुलाचे नाव, आईचे, वडिलांचे, मग आडनाव. निर्णय चांगलाच आहे, आईला कागदावर जागा मिळायला इतका उशीर झाला याचीच लाज वाटावी. पण चार घरांचे हे नाव पासपोर्टाच्या दोन घरांत कसे बसवायचे, कोणते शब्द एकोणचाळीस खुणांत राखायचे आणि रोमन लेखन कोणी ठरवायचे, याची ठाम रीत जन्मनोंदणीच्या टेबलावरच ठरायला हवी. तिथे आईबापांना रोमन लेखन मोठ्याने वाचून दाखवून सही घ्यावी. पहिलीत प्रवेश देताना शाळेने तेच लेखन जसेच्या तसे उतरवावे, स्वतःचे डोके चालवू नये. आणि जुन्या पिढीसाठी तालुक्याला वर्षातून दोनदा दुरुस्तीचे शिबिर भरवावे, जिथे ग्रामसेवक, शाळा, आधार केंद्र आणि पोस्टातले पासपोर्टवाले एका मांडवात बसतील आणि मूळ नोंदच बदलून देतील. वडगावला किंवा तळेगावला हे जमण्यासारखे आहे, दाखल्यांची शिबिरे भरवायचा सराव महसूल खात्याला आहेच. शुल्क घ्यायचे असेल तर खुशाल घ्यावे. वकील, नोटरी आणि एजंट यांना मिळून आज जे मोजावे लागते, त्याहून ते कमीच भरेल.