चौथ्या गोळीचा शोध

महात्मा गांधींवर ३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसेने तीन गोळ्या झाडल्या. तरी चौथी गोळी आणि दुसरा मारेकरी होता, हा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायालयाने न्यायमित्र म्हणून नेमलेल्या अमरेंद्र शरण यांनी जुने दस्तऐवज तपासले. पिस्तूल, गोळ्या, मारेकरी आणि कट या सगळ्यांची ओळख पटलेली आहे, असा अहवाल त्यांनी दिला. मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली.

दाव्याचा एक आधार होता त्या वेळच्या वृत्तपत्रांतली विसंगती. पण घाईत लिहिलेली बातमी आणि उलटतपासणीत टिकलेली साक्ष यांचे वजन सारखे कसे धरायचे? गोडसेने तर गोळ्या झाडल्याचे न्यायालयातच कबूल केले होते.

म्हणून संशयच घेऊ नये, असे मुळीच नाही. १९६४ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी हत्येचा बेत आपल्याला आधी ठाऊक होता असे जाहीर सांगितले आणि त्यातून पुढे न्या. कपूर आयोग नेमला गेला. त्या चौकशीतून यंत्रणेची ढिलाई उघड झाली. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधींचा मुक्काम असलेल्या बिर्ला हाउसमध्ये स्फोट झाला, कटातला मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या रुइया महाविद्यालयातील प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी कटाची माहिती मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दिली. हाती नऊ दिवस होते.

ते वाया कसे गेले, हाच या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. कपूर आयोगाचा अहवाल उपलब्ध आहे. चौथ्या गोळीवर बोलण्याआधी तो वाचावा.