डब्यात काय आहे, ओळखा

आंजी (मोठी) असो की वर्धा-आर्वी रस्त्यावरचं दुसरं कुठलं गाव, आपल्या विदर्भात पोरींचा हक्काचा महिना म्हणजे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचा. मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडायचे, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणायची आणि मग खाऊ ओळखायचा. घरची बाई झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवते. खुळखुळ आवाज आला की फुटाणे नाहीतर शेंगदाणे, धप्प झालं की लाडू, काहीच वाजलं नाही तर शिरा. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, एवढंच विचारायची मुभा. ओळखू येऊ नये म्हणून आया करंज्या कापडात गुंडाळून ठेवतात, कोणी हंगामातले शिंगाडे उकडून ठेवते. स्वयंपाकघरातलं इतकं बारीक ज्ञान खेळता खेळता देणारी दुसरी शाळा मला माहीत नाही. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर उभारतात, तेव्हा शेतातलं नवं पीकही या खेळात येतं. पोरांसाठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आहेच, आणि सिंदी (रेल्वे)चा तर दूरवर गाजलेला. त्याला मंडप मिळतो, बक्षिसं मिळतात. भुलाबाई मात्र एकेका अंगणापुरती उरली आहे, हे मला खटकतं. गाणी आजींना पाठ आहेत, पण म्हणायला सोबत लागते. तेव्हा यंदा भाद्रपद पौर्णिमेला शेजारच्या चार मुलींना घरी बोलवा, आणि डब्यात दुकानातलं पाकीट ठेवू नका.